घरच्या पीसीत हार्ड डिस्क कशा लावाव्यात: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

असेंबल केलेला पीसी घरी आला की स्क्रीनवर बहुतेक वेळा सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह दिसतात. सीमध्ये विंडोज, डीमध्ये फोटो, ईमध्ये पिक्चर आणि गाणी, एफमध्ये ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर. घरच्यांना वाटतं, चार वेगळ्या जागा आहेत, एक गेली तर तीन आहेतच. कॅबिनेटचं झाकण काढून बघितलं तर आत डिस्क एकच असते. ती बंद पडली की सीपासून एफपर्यंत सगळं एकदम जातं, बॅकअपच्या फोल्डरसकट.

पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कवर आखलेली रेघ. एवढी एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसली तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून ती सगळ्यात आधी सांगितली. डेटा वाचतो तो दुसऱ्या, वेगळ्या डिस्कवर त्याची प्रत असेल तर.

इथे विंडोज ११ चा साधा घरगुती डेस्कटॉप धरला आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पडद्यावरची नावं बदलतील, विचार तोच राहील. लॅपटॉपमध्ये डिस्क बसवायला जागा कमी असते, पण खरेदीचा आणि बॅकअपचा भाग त्यांनाही तंतोतंत लागू आहे.

पायरी १: आधी घरातला डेटा मोजा

दुकानात जाऊन ‘एक टीबी द्या’ म्हणण्याआधी एक कागद घ्या आणि घरात काय काय आहे ते लिहून काढा. मी तीन गट करायला सांगतो. पहिला, जे कधीही पुन्हा मिळतं: विंडोज, सॉफ्टवेअर, गेम. दुसरा, जे मिळेल पण वेळ खाईल: डाउनलोड केलेले व्हिडिओ, क्लासच्या नोट्स. तिसरा, जे गेलं तर कायमचं गेलं: मुलांचे लहानपणचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, आजीच्या आवाजातल्या ओव्या, दुकानाचे जुने हिशेब, मूळ कागदच आता सापडत नाहीत अशा कागदांचे स्कॅन. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, तो दुसऱ्या गटात टाका. आजोबांच्या हातच्या वहीचं स्कॅन तिसऱ्या गटात.

तिसरा गट बहुतेक घरांत आश्चर्य वाटेल इतका छोटा निघतो, शे-दोनशे जीबीचा. तो वाढतो व्हिडिओमुळे. फोनवर ‘फोर के’ दर्जाचं चित्रीकरण केलं तर मिनिटाला साधारण १७० ते ३५० एमबी जागा जाते, म्हणजे अर्ध्या तासाच्या बारशाला ५ ते १० जीबी. लग्नाचा फोटोग्राफर सगळी मूळ फुटेज देत असेल तर तीच शंभर-दोनशे जीबी भरते. गेम खेळणारं कोणी घरात असेल तर मोठे नवे गेम एकेक शंभर जीबीच्या पुढे जातात, हेही धरा.

आज जितका डेटा भरेल त्याच्या दुप्पट जागा घ्या. त्याहून जास्त घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, कारण डिस्कचंही आयुष्य असतं आणि चार-पाच वर्षांनी ती बदलण्याची वेळ तशीही येते.

एक आकडा पाहून नवखे लोक घाबरतात: १ टीबीची डिस्क लावली की विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. फसवणूक झालेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. ४ टीबीची डिस्क याच हिशेबाने साधारण ३,७२५ जीबी दिसेल.

पायरी २: कोणत्या कामाला कोणती डिस्क

बाजारात घरगुती वापराच्या तीन जाती आहेत. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क, साटा केबलवर चालणारी एसएसडी (फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क), आणि मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई एसएसडी. वेगाचा फरक मोठा आहे. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे ते अडीचशे एमबी देते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास थांबते कारण साटाची वाटच तेवढी रुंद आहे, आणि एनव्हीएमई तिसऱ्या पिढीत साडेतीन हजार, चौथ्या पिढीत सात हजारांपर्यंत जाते.

पण रोजच्या वापरात हे मोठे आकडे तितकेसे जाणवत नाहीत. पीसी चालू होताना विंडोज हजारो छोट्या फाइली इथून तिथून उचलतं. हार्ड डिस्कला प्रत्येक फाइलसाठी वाचणारं टोक सरकवावं लागतं आणि तबकडी फिरून तिथे यायची वाट बघावी लागते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हजारो फाइलींना हा वेळ गुणला की मिनिटं खर्ची पडतात. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे ही वाट बघणंच संपतं. म्हणून हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात की पीसी नवा वाटतो. साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर गेलात तर ब्राउझर, वर्ड, टॅली यांत फरक शोधावा लागतो. मोठे व्हिडिओ एडिट करत असाल तर मात्र तो नक्की दिसतो.

नव्या पीसीला मी बहुतेक घरांसाठी हीच मांडणी सुचवतो: विंडोज आणि सॉफ्टवेअरला ५०० जीबी किंवा १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, फोटो-व्हिडिओ-कागदपत्रांना २ किंवा ४ टीबीची हार्ड डिस्क, आणि तिसरी, पीसीच्या बाहेर राहणारी, यूएसबीची डिस्क, फक्त प्रतींसाठी. बाहेरची डिस्क आतल्या डेटाच्या डिस्कएवढी किंवा मोठी असावी.

ज्यांचा सगळा डेटा तीनेकशे जीबीत बसतो त्यांनी आतली हार्ड डिस्क घेऊच नये. १ टीबीची एक एसएसडी आत, १ किंवा २ टीबीची एक यूएसबी डिस्क बाहेर, विषय संपला. आवाज नाही, गरम होणं नाही, खर्चही कमी. बजेट ताणलेलं असेल तर आतली एसएसडी ५०० जीबीची घ्या, पण बाहेरची डिस्क वगळू नका. लोक नेमकी तीच वगळतात.

पायरी ३: खरेदी करताना

एम-टूच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचात थेट बसणाऱ्या, एसएसडीत दोन प्रकार येतात आणि दिसायला ते जवळपास सारखेच असतात. काही साटावर चालतात, काही एनव्हीएमईवर. मदरबोर्डचा खाचा कोणती घेतो ते मॅन्युअलमध्ये असतं. लेबलवर २२८० लिहिलेलं असेल तर रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर, घरगुती बोर्डांवर हाच आकार चालतो. त्याच मॅन्युअलमध्ये आणखी एक तक्ता शोधा: बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम-टू खाचात डिस्क लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. हे माहीत नसलं की माणूस चांगली हार्ड डिस्क बिघडलेली समजून परत करायला निघतो.

हार्ड डिस्क घेताना दुकानदाराला विचारा, ही सीएमआर आहे की एसएमआर. एसएमआरमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून शेजारशेजारच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तसंच इथे एक पट्टी बदलताना पुढच्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा फोटो भरून ठेवायला ही डिस्क चालते. सतत लिहिणं-पुसणं असेल, किंवा पुढे रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं, पायरी ४ बघा) करायची असेल, तर सीएमआरच, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी, घ्या. २०२० मध्ये नॅससाठी, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या पेटीसाठी, विकल्या जाणाऱ्या काही डिस्क न सांगता एसएमआर दिल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर प्रत्येक मॉडेलपुढे हा प्रकार लिहितात. दुकानदाराला माहीत नसेल तर मॉडेल क्रमांक टाकून दोन मिनिटांत स्वतः बघता येतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा तुमच्या गावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, कुठेही घ्या, पण जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. घरी आल्यावर तो नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी संपलेली किंवा दुसऱ्या देशातली दिसली तर त्याच दिवशी परत जा. अमेरिकेतून येणाऱ्या भावाला किंवा मावशीला डिस्क आणायला सांगणाऱ्यांनी याच कारणासाठी दोनदा विचार करावा. वॉरंटी अनेकदा ज्या देशात विकली त्या देशापुरतीच असते, आणि बिघडलेली डिस्क पुन्हा कोणाच्या तरी बॅगेतून तिकडे पाठवत बसावं लागतं.

‘८ टीबीची एसएसडी’ म्हणून किरकोळ किमतीत ऑनलाइन जे विकलं जातं ते घेऊ नका. आत छोटी चिप असते, वर खोटा आकडा. ती फाइली घेत जाते आणि खरी जागा संपली की पुढचं सगळं गायब होतं.

पायरी ४: रेड हवं का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रेडची कल्पना बर्कलीच्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या, हा तिचा गाभा.

रेड ० मध्ये डेटा दोन डिस्कवर अर्धा-अर्धा वाटला जातो. वेग वाढतो, पण दोघींपैकी कोणतीही एक गेली की सगळं गेलं, म्हणजे धोका जवळपास दुप्पट. एसएसडी आल्यानंतर घरात याची गरज उरलेली नाही. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तंतोतंत तेच लिहिलं जातं. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहतं. ५ आणि १० हे तीन-चार किंवा जास्त डिस्कचे खेळ, नवख्याने त्यात पडू नये. खास करून रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नवी भरावी लागते. मोठ्या डिस्कना त्याला तासन्‌तास, कधी दिवसभर लागतो, आणि त्याच ताणात दुसरी गेली तर हातात काही उरत नाही.

रेड १ घरात आकर्षक वाटतं, आणि इथेच गैरसमज होतो. तुमच्या मुलाने चुकून फोटोंचा फोल्डर पुसला, तर तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसला जातो. खंडणी मागणारा व्हायरस आला, तर दोन्हीवरच्या फाइली कुलूपबंद होतात. वीज कडाडून पीसी जळाला, तर दोघीही त्याच कॅबिनेटमध्ये असतात. रेड १ फक्त एकाच संकटापासून वाचवतं: एक डिस्क आपोआप बिघडण्यापासून. घरातूनच बिलिंग चालणारं दुकान असेल आणि एक दिवसही काम थांबणं परवडत नसेल, तर ते जरूर करा. विंडोजच्या ‘स्टोरेज स्पेसेस’मध्ये ‘टू-वे मिरर’ निवडलं की वेगळं कार्ड न घेता ते होतं. मात्र त्यासाठी निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून दोन्ही डिस्क रिकाम्या असतानाच करा. बाकी घरांत दुसऱ्या डिस्कचे पैसे बाहेरच्या डिस्कवर घाला.

पायरी ५: आत बसवणं

पीसी बंद करा, मागचं मुख्य बटण बंद करा, वायर काढा, आणि समोरचं पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कोरड्या हिवाळ्यात हे विसरू नका.

एनव्हीएमईसाठी प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा एम-टू खाचा बघा. त्यावर बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची पट्टी असते. स्क्रू काढून ती उचला. पट्टीच्या आतल्या मऊ पॅडवर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो, तो सोलून टाका. तो राहिला तर उष्णता पट्टीपर्यंत पोचतच नाही. एसएसडीच्या कडेची खाच आणि सॉकेटमधला उंचवटा जुळवून ती तिरकी, बोर्डापासून तीसेक अंशांवर, आत सरकवा. सोनेरी टोकं जवळपास दिसेनाशी झाली म्हणजे पूर्ण गेली. सोडली की ती स्वतःहून थोडी वर उचललेली राहते, तशीच राहायला हवी. मग बोटाने हलकेच खाली दाबून शेवटचा छोटा स्क्रू लावा. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि मदरबोर्डच्या डब्यात एका बारक्या पिशवीत येतो. काम सुरू करण्याआधी तो शोधून वाटीत काढून ठेवा.

हार्ड डिस्क खणात बसवा, समोरच्या पंख्याची हवा तिच्यावरून जाईल अशी. आडवी किंवा उभी, दोन्ही चालतात. चारही स्क्रू लावा, नाहीतर ती घरघरते. दोन केबल असतात: मदरबोर्डकडून येणारी अरुंद डेटाची आणि एसएमपीएसकडून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारी रुंद पॉवरची. दोन्हींची टोकं इंग्रजी ‘एल’च्या आकाराची असल्यामुळे उलटी बसत नाहीत. जोर लावावा लागत असेल तर उलटी धरली आहे हे समजा.

पॉवरच्या केबलबद्दल कळकळीने सांगतो. ज्या एसएमपीएसच्या केबल सुट्या निघतात, त्यांच्या केबल एकमेकांत कधीही बदलू नका. दुसऱ्या एसएमपीएसची केबल टोकाला नीट बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. अशा वेळी ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि बटण दाबताक्षणी डिस्क जळते. एसएमपीएसच्या खोक्यात आलेल्याच केबल वापरा आणि उरलेल्या त्याच खोक्यात ठेवा.

मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या बाजूला खोलीतच चाळीसच्या वर तापमान असतं. बहुतेक घरगुती हार्ड डिस्कना कंपनी ६० अंशांची मर्यादा देते. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. आणि चालू हार्ड डिस्क असलेलं कॅबिनेट सरकवू नका, उचलू नका. टोक आणि तबकडी यांच्यातलं अंतर नॅनोमीटरमध्ये मोजतात.

जिथे लाइट वारंवार जाते तिथे ६०० व्हीएच्या आसपासचा यूपीएस डिस्कइतकाच गरजेचा आहे. तो तासभर काम करण्यासाठी नसतो. चालू फाइल सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं मिळाली की त्याचं काम झालं. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलच नव्हे, पूर्ण फोल्डरची नोंद बिघडू शकते.

पायरी ६: विंडोज टाकताना एकच डिस्क जोडा

या एका सवयीने पुढची मोठी डोकेदुखी वाचते. विंडोज टाकताना फक्त ज्या एसएसडीवर ते टाकायचं आहे तीच जोडलेली ठेवा. बाकीच्या डिस्कची डेटा केबल काढा. कारण असं: दुसऱ्या डिस्कवर आधीच बूटचं, म्हणजे पीसी सुरू करणारं, पार्टिशन असेल तर विंडोज स्वतः एसएसडीवर बसतं, पण सुरू व्हायला लागणाऱ्या फाइली त्या जुन्या डिस्कवर टाकून मोकळं होतं. दोन वर्षांनी तुम्ही जुनी डिस्क काढता आणि पीसी सुरूच होत नाही. एसएसडी ठणठणीत असते, तरी विंडोज सापडत नाही. शिवाय एकच डिस्क जोडलेली असेल तर चुकून फोटोंची डिस्क फॉरमॅट होण्याची शक्यताच राहत नाही.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन बूट मोड यूईएफआय आणि साटा मोड एएचसीआय आहे का बघा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून काही बोर्डांवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते, आणि त्यामुळे विंडोजच्या यादीत एनव्हीएमई दिसतच नाही. रेड करायचं नसेल तर विंडोज टाकण्याआधी ती बंद करा. विंडोज टाकून झाल्यावर बायोसमधल्या या सेटिंगना हात लावू नका, नाहीतर पीसी बूट होणार नाही.

यादीत नवी एसएसडी ‘अनअलोकेटेड स्पेस’ म्हणून दिसेल. ती निवडा आणि पुढे जा. स्वतः पार्टिशन करत बसू नका. विंडोज आपल्याला लागतात ती छोटी पार्टिशन आपोआप करतं आणि उरलेली सगळी जागा सी ड्राइव्हला देतं.

सी ड्राइव्ह शंभर जीबीचा करून बाकीचे तुकडे पाडण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. हार्ड डिस्कच्या काळात तिला थोडा अर्थ होता: फॉरमॅट मारताना फक्त सी जायचा, डी वाचायचा. आता वेगळी डिस्क लावली की तेच काम जास्त चांगलं होतं. शंभर जीबीचा सी वर्ष-दोन वर्षांत अपडेट आणि व्हॉट्सॲपच्या फाइलींनी भरतो, लाल होतो, आणि शेजारच्या ईमध्ये तीनशे जीबी रिकामे पडलेले असतात. तुकडा वाढवायला गेलं तर मोकळी जागा नेमकी सीला लागून उजवीकडे नसते आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’चा पर्याय पुसट दिसतो.

पायरी ७: दुसरी डिस्क चालू करणं

विंडोज चालू झाल्यावर पीसी बंद करून हार्ड डिस्कची केबल परत लावा. पीसी चालू करा, स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करा आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. नवी कोरी डिस्क असेल तर तो लगेच विचारेल: एमबीआर की जीपीटी? जीपीटी निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत आहे, तिला साधारण २ टीबीच्या पुढची जागा दिसत नाही आणि मुख्य पार्टिशनही चारच करता येतात.

मग खाली काळ्या पट्टीवर उजवं क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, पूर्ण आकार, अक्षर डी, प्रकार एनटीएफएस, ‘क्विक फॉरमॅट’वर खूण. नाव देताना ‘न्यू व्हॉल्यूम’ तसंच ठेवू नका. ‘डेटा’ लिहा. उद्या तीन डिस्क जोडलेल्या असतील तेव्हा नाव बघूनच चूक टळते.

जुन्या पीसीतली डेटा असलेली डिस्क लावली असेल तर इथे थांबा. ‘इनिशिअलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं तर हो म्हणू नका. ज्या डिस्कवर काही आहे तिला हा प्रश्न सहसा येतच नाही, आणि आलाच तर काहीतरी बिघडलं आहे. आधी जाणकाराला दाखवा.

बाहेरची डिस्क फक्त विंडोजलाच जोडणार असाल तर एनटीएफएस, मॅकलाही जोडणार असाल तर एक्सफॅट. फॅट-३२ नको, त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यात अडकतो.

विंडोज ११ अनेक नव्या पीसींवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं. चोरीपासून ते चांगलंच, पण तीच डिस्क दुसऱ्या पीसीला लावली किंवा मदरबोर्ड बदलला की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती जतन झालेली असते. आजच उघडून ती वहीत उतरवा आणि वही कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा.

पायरी ८: फोल्डर डेटाच्या डिस्कवर हलवा

घरातल्या प्रत्येकाला ‘हे डीमध्ये सेव्ह कर’ सांगत बसण्यापेक्षा विंडोजचे नेहमीचे फोल्डरच हलवा. आधी डीवर ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘व्हिडिओज’ असे तीन रिकामे फोल्डर करा. मग मूळ ‘डॉक्युमेंट्स’वर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’, आणि डीवरचा त्या नावाचा फोल्डर दाखवा. थेट डी ड्राइव्हच दाखवू नका. तसं केलं तर अख्खा डी म्हणजेच ‘डॉक्युमेंट्स’ होऊन बसतो आणि तो पूर्ववत करणं फार त्रासाचं असतं. वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडने) हे फोल्डर आधीच आपल्याकडे घेतले असतील, तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा आणि मगच हलवा.

एसएसडीत पाचवा-सहावा भाग रिकामा राहू द्या. भरत आली की तिचा वेग घसरतो. तिला डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करायचं नसतं. विंडोज तिला ओळखतं आणि आठवड्याला लागणारी साफसफाई स्वतः करतं.

पायरी ९: प्रत, आणि ती उघडून बघणं

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम घरासाठीही पुरतो: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. डी ड्राइव्ह ही पहिली, यूएसबीची डिस्क दुसरी. तिसरीसाठी क्लाउड घ्या, किंवा एक डिस्क भावाच्या किंवा आईवडिलांच्या घरी ठेवा आणि दिवाळी-गणपतीला जाल तेव्हा ताजी करून परत ठेवा. पुराच्या पाण्यात घराचा तळमजला जातो तेव्हा पीसी आणि शेजारच्या कपाटातली डिस्क, दोन्ही जातात. सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये आणि चिपळूणने २०२१ मध्ये ते पाहिलं आहे.

कंट्रोल पॅनलमधलं ‘फाइल हिस्टरी’ चालू करा आणि तिला यूएसबी डिस्क दाखवा. डिस्क जोडलेली असताना ती ठरावीक वेळाने बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या प्रतीही ठेवते. त्यामुळे गेल्या महिन्यातला, चुकून बदललेला हिशेबही परत मिळतो. पहिल्या प्रतीला वेळ लागेल. १ टीबी डेटा चांगल्या यूएसबी ३ जोडणीवर दोन तासांच्या आसपास जातो. तीच डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली तर साताठ तास, म्हणून आतून निळ्या रंगाचं पोर्ट वापरा.

प्रत झाली की ‘इजेक्ट’ करून डिस्क काढून ठेवा. चोवीस तास जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही दिसते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, म्हणजे जोडणीची टोकं गंजत नाहीत. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह वापरू नका. वीज न मिळता पडून राहिल्या तर त्यांच्यातला डेटा हळूहळू पुसट होऊ शकतो. इथे फिरती हार्ड डिस्कच बरी.

आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवरचा एखादा फोटो, एखादा व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा. जी प्रत कधी उघडलीच नाही ती आहे असं धरू नका.

अधूनमधून तब्येत बघा

डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. हिरवा-निळा-पिवळा रंग बघून थांबू नका, चार ओळी वाचा. ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’, म्हणजे खराब झालेल्या जागा सोडून डिस्कने राखीव जागा वापरायला घेतल्या. शून्य असेल तर उत्तम, थोडे असून स्थिर असतील तर लक्ष ठेवा, वाढत असतील तर डिस्क बदला. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर दिसलं की त्याच दिवशी प्रत घ्या. ‘सीआरसी एरर’ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डेटा केबल बदलून बघा. ‘पॉवर ऑन अवर्स’ हा आकडा नव्या डिस्कच्या पहिल्याच दिवशी बघा: नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे, बिल घेऊन दुकान गाठा. हे तास खोडता येतात, त्यामुळे वॉरंटीच्या तारखेशीही ताडून बघा.

बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या डिस्क किती बिघडतात याचे आकडे २०१३ पासून जाहीर करते. त्यात वर्षाला शंभरातल्या साधारण एक-दोन डिस्क जातात असं दिसतं. अनेकदा स्मार्टमध्ये कुठलीही पूर्वसूचना न देता त्या जातात. टक-टक आवाज यायला लागला तर पीसी पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, प्रत्येक वेळी टोक तबकडीला आणखी ओरखडे पाडू शकतं. बंद करा, केबल काढा, बाहेरच्या डिस्कवर काय आहे ते दुसऱ्या पीसीवर बघा. सगळं तिथे असेल तर नवी डिस्क आणा आणि पायरी ७ पासून सुरू करा. तिथे नसलेलं काही आतच अडकलं असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क जशी आहे तशी न्या, आणि काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या.